सासरी नेता येईल असं कॉलेज

७ जून २००७, गुरुवार

ठरलं! पदवी घ्यायचीच. लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझं मलाच माघारी फिरता येणार नाही.

काल कंपनीत तेजश्रीला लाईन लीडर केलं. तेजश्रीला! माझ्यानंतर लागली ती. खोक्याला टेप कशी मारायची ते मी शिकवलं तिला. मी सरळ सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिले — सर, माझं काय चुकलं? म्हणाले, "चुकलं काही नाही सुलक्षणा. ती बी.ए. आहे." झालं! खोकी काय सर्टिफिकेट बघून बंद होतात?

पण राग आला ते बरंच झालं. मला कुठं जन्मभर शिक्रापूरला पॅकिंग करायचंय? मला तलाठी व्हायचंय. हे अजून कुणालाच बोलले नाही, फक्त इथं. आमच्या तळेगावला त्या नवीन तलाठी बाई आल्यात, स्कुटीवरनं येतात. परवा त्यांच्या टेबलापुढं गावातले भले भले हात बांधून उभे होते. बाई मान वर न करता म्हणाल्या, "एकेकानं बोला." तेव्हापासून डोक्यातनं जात नाही. भरतीला पदवी लागते. माझी बारावी.

जेवताना आण्णांना सांगितलं. आण्णा शिरूर डेपोत मेकॅनिक. गाडीशी बोलतात तेवढंही घरात बोलत नाहीत. म्हणाले, "शीक की. शिकायला कवा न्हाई म्हणलंय आपल्यात? पण सुले, लगीन यंदाच. धुरपदाआक्काला स्थळं बघाय सांगितलंय."

आई लगेच, "तीन वर्साचं कालेज! आन् दिवाळीला तू कुठल्या गावात आसशील ते कुणाला ठावं?"

आईचं खरं आहे, तिथंच घोडं अडलंय. मी कुठं असणार ते मलाच माहीत नाही. म्हणजे कॉलेज असं पाहिजे की ते माझ्यामागनं येईल. साड्यांच्या बॅगेत घालून सासरी नेता येईल असं! पॅकिंगमधल्या पोरी म्हणतात, आता ऑनलाइन कॉलेजं निघालीत. कॉम्प्युटरवर शिकायचं, गाव कुठलंही असो.

पुढच्या गुरुवारी सुट्टीला शिरूर. नेट कॅफे. ठरलं म्हणजे ठरलं.

८ जून, शुक्रवार

ऑनलाइन! ऑनलाइन! दिवसभर स्टिकर लावताना हाच शब्द. दोन खोक्यांवर उलटे लावले.

१४ जून, गुरुवार

आज मी इंटरनेट बघितलं!

आधी आण्णांनी पोपटदादांच्या कॅफेची तपासणी केली. स्टँडच्या मागंच आहे. डेपोच्या कपड्यांत, हाताला ग्रीस, आत जाऊन एकेका केबिनचा पडदा सारून बघितला. एका केबिनमधला कॉलेजचा पोरगा दचकून उभाच राहिला. पोपटदादा म्हणाले, "काका, आपल्याकडं तसलं काय चालत न्हाई." आण्णा म्हणाले, "मंग पडदं कशाला?" मला दाराजवळचा कॉम्प्युटर मिळाला, पडदा नसलेला. रस्त्यावरनं जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावून बघत होता. बघा म्हटलं!

माउस हातात धरला तर बाण स्क्रीनच्या बाहेरच पळायला लागला. पोपटदादा हसले नाहीत हे त्यांचे उपकार. दहा मिनिटांत जमलं. मग काय विचारता! "ऑनलाइन डिग्री" टाकलं तर एवढी कॉलेजं — मला वाटलं होतं दोन-चार असतील. हिरवळ काय, इमारती काय, काळे गाऊन घालून टोप्या उडवणारी पोरं काय! एका कॉलेजनं तर लिहिलंय — घरबसल्या पदवी, वर्षाच्या आत, परीक्षेची कटकट नाही.

मी ओरडलेच, "दादा, हे बघा!"

पोपटदादा शेजारी येऊन वाचून म्हणाले, "ताई, परीक्षाच न्हाई म्हणजे मला जरा शंका येती." मी म्हटलं, शंका काय, तुम्हाला परीक्षा आवडत होती का? पण मनात मलाही खुटखुटलं. फोन नंबर वहीत उतरवून घेतलाय. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो, त्यावर तो दचकलेला पोरगा जाऊन बसला!

तरी काय गंमत आहे. तळेगावची मी, खुर्चीत बसून सगळ्या देशातली कॉलेजं बघत होते, आणि कॉलेजं म्हणत होती या, या.

१६ जून, शनिवार

दुपारच्या सुट्टीत एसटीडीवरनं त्या परीक्षा नसलेल्या कॉलेजला फोन लावला. हिंदीतनं एक माणूस. फार गोड बोलतो. मी विचारलं, तलाठी भरतीला चालेल का? "मॅडम, सब चलेगा." मी विचारलं, वर्षभर लागेल ना? तर म्हणाला, "मॅडम, जल्दी है तो पिछले साल की दे दूँ?"

मला आधी कळलंच नाही. मागच्या वर्षीची! म्हणजे मी गेल्या वर्षीच पास झालेय, मलाच माहीत नव्हतं! फोन आपटला. एसटीडीवाला म्हणाला, "ताई, रिसीव्हर माझा हाय."

घरी राहू गावची धुरपदाआत्या आलेली. आण्णांची मोठी बहीण, सगळ्या भावकीची लग्नं हिनंच जमवलेली. तिला हसत हसत सांगितलं, तर ही गंभीर — "मंग घ्यायची व्हती की मागल्या सालाची! पदवीधर पोरगी म्हणून चार स्थळं जास्त आली असती."

आण्णा जेवता जेवता थांबले. "खोटा कागुद ह्या घरात यायचा न्हाई, आक्का." परत जेवायला लागले. आत्या गप्प बसली हे तारीख टाकून लिहून ठेवण्यासारखं आहे.

२१ जून, गुरुवार

दुसरं कॉलेजही बाद.

हे शिरूरमध्येच निघालंय, कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. ऑनलाइन कॉलेजचं ऑफिस म्हणे. काचेचं दार, आत एसी, टाय लावलेले सर. गारगार हवेत मला वाटलं, हेच आपलं! मोठ्या पडद्यावर धडा लावून दाखवला, बाई कुठल्या तरी दूरच्या शहरातनं शिकवतायत, मध्येच थांबवता येतात, मागं नेता येतात. आमच्या बारावीच्या सरांना असं मागं नेता आलं असतं तर! ही पदवी सरकारला चालते, त्याचा कागदही भिंतीवर होता. मी जवळजवळ हो म्हणालेच होते.

मग मी माझा एकच प्रश्न विचारला. सर, माझं लग्न झालं आणि मी दुसऱ्या गावाला गेले, तर परीक्षेचं केंद्र बदलून मिळतं का?

सर हसले. म्हणाले, "लग्न झाल्यावर कशाला शिकताय मॅडम? त्याच्या आधी उरका की."

उरका! धुणं आहे का ते? मी म्हटलं, सर, तुम्ही लग्न झाल्यावर टाय लावायचं सोडलं का? आणि उठले. जिना उतरताना आतनं असं छान वाटत होतं म्हणून सांगू! घरी आल्यावर मात्र वाटलं, एसी चांगला होता.

२४ जून, रविवार

रजा टाकून घरी राहिले. पहिलं स्थळ येऊन गेलं. आणि मी त्यांना पळवून लावलं असं आई म्हणते. मी काय केलं? मी फक्त विचारलं.

पाहुणे घोड नदीच्या पलीकडचे. मुलगा शेती बघतो, दिसायला बरा. पोहे झाले. त्यांच्या मामांनी विचारलं, "मुलीला काही विचारायचं असंल तर विचारू द्या." हे असं म्हणायची पद्धत असते, कुणी विचारत नसतं. मी विचारलं! तुमच्या गावात नेट कॅफे आहे का? वस्तीवर लाईट किती वाजता जाते, रोज तीच वेळ असते का आठवड्याला बदलते? जवळचं कॉलेज किती लांब, रविवारी एसटी असते का?

मुलगा म्हणाला, "लाईट तीन दिवस दिवसा, बाकी रातीची असती." तो बिचारा खरंच उत्तर देत होता. पण त्याच्या आईनं पोह्याची बशी खाली ठेवली. "पोरगी दाखवताय का सर्वे करायला बसवलीय?"

गेले. आत्या दारातच डोक्याला हात लावून बसली. "आगं, पोरीनं इचारायचं असतं, तुमाला भाजी कंची आवडती! लाईट काय इचारती?"

मी म्हटलं, आत्या, भाजी चुलीवर होते. कॉम्प्युटर लाईटीवर चालतो.

आण्णा हसले. तोंड फिरवून हसले, पण मी बघितलं.

२८ जून, गुरुवार

सापडलं!! सापडलं सापडलं सापडलं!

पोपटदादांनीच सांगितलं, "ताई, मुक्त विद्यापीठ बघितलं का?" मी म्हटलं, ते पोस्टानं पुस्तकं येतात तेच ना? ते कुठं ऑनलाइन? तर त्यांनी उघडून दाखवलं. धडे नेटवर बघता येतात, सीडी पण देतात, सराव चाचणी कॉम्प्युटरवर सोडवायची. रविवारी केंद्रावर तास, म्हणजे अडलं तर विचारायला समोर माणूस. परीक्षा खरीखुरी, बाकावर बसून. पदवी सरकारी भरतीला चालते, तसं लिहिलंयच. आणि केंद्रं! सगळ्या महाराष्ट्रात! आणि हे ऐका, म्हणजे वाचा, म्हणजे कुणी वाचणार नाहीये तरी — केंद्र बदलता येतं. एक अर्ज केला की झालं.

म्हणजे मी कुठंही जाऊ दे, कॉलेज माझ्या मागं! मला कॅफेतच नाचावंसं वाटलं. दार उघडं होतं म्हणून नाचले नाही.

पोपटदादांनी पुणे, नगर, सोलापूर जिल्ह्यातल्या केंद्रांची यादी छापून दिली. घरी आले ती सरळ आत्यासमोर यादी ठेवली. म्हटलं, आत्या, ह्या गावांतनंच स्थळ बघ.

आत्याला वाचता येत नाही. तिनं कागद उलटा-पालटा करून बघितला. "ही काय वऱ्हाडाची यादी हाय?"

मी एकेक गाव वाचून दाखवलं. शिरूर, दौंड, बारामती, श्रीगोंदा... आत्या बोटांवर मोजत बसली. श्रीगोंद्याला एक हाय, पण पितो. बारामतीत एक हाय, पण लई शिकलेला, आपल्याला जमायचा न्हाई. मग एकदम थांबली. "दौंड हाय व्हय त्यात? आगं मंग दौंडला सोजराबाईचा पोरगा हाय की! रेल्वेत!"

आई म्हणाली, "लोकं पत्रिका बघत्यात, आमी केंद्र बघतोय." पण रागानं नाही म्हणाली.

१ जुलै, रविवार

आत्याचा निरोप. दौंडवाले पुढच्या रविवारी येणार. मुलाचं नाव रोहन. रेल्वेत कायम. लाईटीचं विचारायचं नाही अशी मला तंबी.

८ जुलै, रविवार

कुठनं सुरुवात करू?

रविवार म्हणजे कंपनीची ड्युटी, आमची सुट्टी गुरुवारी. तेजश्रीनं माझी बाजू सांभाळली, स्वतः माझ्या जागी लाईनवर उभी राहिली. लाईन लीडर झाली तरी पोरगी चांगली आहे, तिच्याबद्दल वर लिहिलेलं अर्धं मागं घेते.

ते आले. रोहन, त्याची आई सोजराबाई आणि एक चुलते. जय भीम झाला, चहा झाला. रोहन उंच, सावळा, शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद. मान खाली घालून बसतो. मी काही विचारायचं नाही असं ठरवून, ओठ दाबून बसलेले. आत्या माझ्याकडं डोळे वटारून. तर रोहननंच तोंड उघडलं —

"तुम्ही मुक्त विद्यापीठात नाव घालणार आहात ना? मी पण तिथंच हाय. दौंड केंद्र."

मला वाटलं आत्यानंच शिकवून आणलंय. पण आत्याचंही तोंड उघडंच! मग मी कसली गप्प बसते. पुस्तकं वेळेवर येतात का? रविवारचे तास खरंच होतात का? सर कसे आहेत? तो सगळं सांगत होता, मान वर करून. केंद्रावरचे सर तळमळीनं शिकवतात. स्टेशनच्या बाहेर नेट कॅफे आहे, तिथली लाईट जात नाही. मी विचारलं, तुम्ही कितव्या वर्षाला? तर म्हणाला, "पहिल्यालाच. इंग्रजी राहिलंय. दोनदा."

खोटं बोलला नाही! दुसरा असता तर तिसऱ्याला आहे म्हणाला असता, मला काय कळणार होतं? मी म्हटलं, इंग्रजी माझं चांगलंय. कंपनीत इंग्रजी चलनं मीच वाचून दाखवते सगळ्यांना. तर तो हसला. मला तो हसलेला फार आवडला, हे इथं लिहायला काय हरकत आहे?

सोजराबाई मधेच म्हणाल्या, "म्हंजी दोघं एकाच वर्गात बसणार का काय?" सगळे हसले. त्यापण हसल्या.

९ जुलै, सोमवार

होकार!!! आण्णांच्या मोबाईलवर. आई रडली, आत्यानं स्वतःचंच कौतुक केलं, मी तीन वेळा पाणी प्यायले.

१२ जुलै, गुरुवार

शिरूरला फॉर्म भरायला गेले. नाव, जात, बारावीचे मार्क, विषय — इतिहास, अर्थशास्त्र, मराठी — सगळं खटाखट. मग केंद्र. शिरूर की दौंड?

सकाळी ह्यावरनं घरात केवढं झालं! आई म्हणे, "आजून सुपारी फुटली न्हाई आन् ही दौंडला नाव घालाय निघाली! लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, तळेगावहून शिरूरला पण एसटीनंच जायचं, दौंडला पण एसटीनंच. आणि चार महिन्यांनी मला दौंडलाच राहायचंय, मग आत्ता शिरूर लिहून नंतर बदलायचा अर्ज कशाला? आई म्हणाली, मंग लगीन होईस्तवर रिकामं ठेव. रिकामं ठेवता येत नाही हे तिला कसं सांगू!

पोपटदादा पण थांबले. "ताई, इथं एकदा क्लिक केलं की जाईल. विचार करा. आमच्या एका भाचीनं सासरच्या गावचं केंद्र घातलं, आन् सोयरीक दुसरीकडं झाली."

म्हणजे मी एकटीच अशी नाही! आमच्याकडं पोरगी कॉलेज निवडते तेव्हा आधी नवरा ठरावा लागतो. मला हसूच आलं.

आण्णांना डेपोत जाऊन विचारलं. ते गाडीखाली आडवे झालेले, फक्त पाय दिसत होते. मी पायांना विचारलं, आण्णा, शिरूर का दौंड? मग आवाज आला, "मोबाईल घे खिशातला. त्यालाच इचार."

त्यालाच! मी! पाठ वळवून फोन लावला. माझा आवाज मलाच ओळखू येईना. म्हटलं, सुलक्षणा बोलतेय, शिरूरहून, कुठलं केंद्र टाकू? त्याच्या मागनं मालगाडी जात होती. मग म्हणाला, "दौंडच टाका. मी तुमच्यासाठी जागा धरून ठेवीन."

टाकलं! दौंड! क्लिक!

जागा धरून ठेवीन म्हणाला. एसटीत रुमाल टाकून धरतात तशी. मी परतीच्या गाडीत उभ्यानं आले, तळेगाव कधी आलं कळलं नाही.

१९ जुलै, गुरुवार

प्रवेश पक्का. पावती हातात. माझं पूर्ण नाव छापलेलं — ओव्हाळ सुलक्षणा भिमाजी. आण्णांनी पावती हात धुऊन घेतली, वाचली, परत दिली. मग परत मागून घेतली. दुपारी डेपोत कुणाकुणाला दाखवली ते देवाला, म्हणजे कंडक्टर लोकांना ठाऊक.

साखरपुडा ५ ऑगस्टला, आमच्याकडं. पहिला तास १२ ऑगस्टला. दोन्ही जवळ जवळ. नक्की कशाची जास्त वाट बघतेय ते विचारू नये.

२२ जुलै, रविवार

सोजराबाईंचा फोन आला होता. आईशी साड्यांचं बोलल्या, मग फोन मला द्या म्हणाल्या. "पोरी, ते किती वर्साचं म्हणं?" तीन, आई. "आन् नापास झालं तर परत बसता येतं ना?" येतं की. "तुझी बारावी पहिल्या फटक्यात?" मी टेचात सांगितलं, फर्स्ट क्लास! त्यांनी "फर्स्ट क्लास" असं स्वतःशीच परत म्हटलं. मग "बरं, बरं" म्हणून ठेवला.

मार्क विचारणारी सासू मिळाली! तेजश्रीला सांगितलं तर ती म्हणाली, तुझी चांदी आहे.

२६ जुलै, गुरुवार

पुस्तकं आली!

पोस्टमनमामांनी गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि सही घेतली. मी कोऱ्या पुस्तकाचा वास घेतला, तर आई म्हणते, हुंगून पास होतीयस का? सगळ्या पुस्तकांना कंपनीतल्या खाकी कागदाचं कव्हर घातलं. पॅकिंगचा अनुभव कामी आला! कोपरे असे टोकदार झालेत की बघत राहावं.

काल सुपरवायझर सरांकडं रविवारचं बोलले. दर रविवारी सुट्टी द्या, मी गुरुवारी येते. सर म्हणाले, रोस्टर बदलत नसतं. तेजश्री शेजारी उभी होती. म्हणाली, "सर, गुरुवारी मेंटेनन्सवाल्यांच्या हाताशी कुणी तरी लागतंच की. सुलक्षणा येईल." जमलं! लाईन लीडर असावी तर अशी. वर लिहिलेलं उरलेलं अर्धंपण मागं घेते.

२९ जुलै, रविवार

आज त्याच्याशी बोलले. आण्णांनीच फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले. मला वाटलं काय बोलायचं? तर इंग्रजीच! मी काळ समजावून सांगितले, गाडीचीच उदाहरणं देऊन. गाडी येते, गाडी येत आहे, गाडी आली आहे. त्याला पटापट समजायला लागलं. म्हणाला, "मला असं कुणी सांगितलंच न्हाई." मला एवढा आनंद झाला! मी म्हटलं, यंदा दोघंही सुटू, एकदम, मग दुसऱ्या वर्षाला एकत्र.

तो म्हणाला, "तुम्ही तर सुटालच."

मी म्हटलं, तुम्ही पण. तर म्हणाला, आईला बोलतो एकदा. कशाबद्दल ते काही सांगितलं नाही. तेवढ्यात त्याच्या ड्युटीची वेळ झाली.

४ ऑगस्ट, शनिवार

उद्या साखरपुडा! हाताला मेंदी आहे, पेन नीट धरता येत नाही, तरी लिहिणारच.

घर माणसांनी भरलंय. आत्या सगळ्यांना यादीची गोष्ट सांगत सुटलीय, "माझ्या भाचीनं कॉलेज बघून नवरा केला!" आणि सगळ्या बायका हसून लोटपोट. आई मघाशी जवळ येऊन बसली. म्हणाली, "मला वाटलं व्हतं, तू शिकायचं म्हणून लगीन टाळतीस. तू तर दोन्ही जमवलंस गं." तिच्या तोंडून हे ऐकलं आणि माझ्याच डोळ्यांत पाणी.

खरंच जमवलं! कॉलेज मीच शोधलं, फॉर्म मीच भरला, आणि माणूसही असा मिळाला की बाकावर जागा धरून ठेवणार. तीन वर्षांनी पदवी. मग भरती. मग टेबलापुढं लोक, आणि मी म्हणणार, एकेकानं बोला! स्कुटी लाल घ्यायची.

पुढच्या रविवारी ह्या वेळेला मी दौंडच्या वर्गात असेन. बस्स, आणखी काही नको मला.

१२ ऑगस्ट, रविवार

साखरपुडा झाला नाही. साडीचं ताट माझ्या हातात द्यायच्या आधी सोजराबाई मांडवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरीनं शिकावं, आमी नगं म्हणत न्हाई. पण आमचा रोहन पहिलं वरीस सुटस्तवर हिनं परीक्षेला बसायचं न्हाई. नवऱ्याच्या म्होरं बायकू गेलेली चारचौघांत बरी दिसत न्हाई." मी रोहनकडं बघितलं. तो म्हणाला, "एखादं वर्षच जाईल." मी ताट परत सरकवलं. आई अजून बोलत नाही माझ्याशी.

आज पहाटेच आण्णांनी उठवलं. "सुले, दौंडची गाडी चुकंल." न्हावऱ्यापर्यंत सोबत आले, गाडी बदलून दिली, खिडकीत जागा बघितली आणि उतरले.

वर्गात सरांनी हजेरी घेतली. रोहनचं नाव पुकारलं. तो आलाच नव्हता. परत पुकारलं. मग माझं पुकारलं, आणि मी जरा मोठ्यानंच हजर म्हणाले.